ताक, कढी आणि सकाळचं पोट

सदाशिव पेठेत पेरुगेटाकडच्या खानावळीत जेवल्यावर ताक हवंच. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, म्हणून दही लागतं. मात्र हे जिवाणू कोणते, किती, हे घरोघरी बदलतं. बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात. म्हणून घरच्या ताकाला सरसकट ‘प्रोबायोटिक’ म्हणता येत नाही: ‘प्रोबायोटिक’ म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांची २००१ची व्याख्या. कढीत ताक उकळलं की ते जिवाणू संपले. चव उरते, तीही काही कमी नाही!

बद्धकोष्ठावर बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूच्या काही वाणांचा थोडाफार उपयोग दिसला आहे. पण पोट साफ व्हायला मदत करणारा कणकेतला कोंडा चाळून टाकायचा आणि ताकाच्या पेल्यावर भिस्त ठेवायची, हे अतीच. शौचावाटे रक्त जात असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे जावं.