आधी पाण्याचा नकाशा

भोपाळमध्ये साकेत नगर किंवा अरेरा कॉलनीतून सकाळी फिरायला निघालं, की दर दुसऱ्या गल्लीत रेतीचा ढीग आणि त्याच्यामागं अर्धवट वर गेलेलं घर दिसतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून सरकारी नोकरांची कुटुंबं इथं आली. त्यांत मराठी घरं पुष्कळ होती. त्याच सुमाराला हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आताच्या भेलचा कारखाना उभा राहू लागला. आयुष्य क्वार्टरमध्ये काढलेल्या त्या पिढीनं निवृत्तीच्या तोंडावर बैठी घरं बांधली. पुढं अंगण, मागं मोरी, मधे तीन खोल्या. ती घरं आता नातवंडांना पुरत नाहीत.

आमचं घर त्यातलंच. माझे सासरे भेलमधले. वाढवायचं तर वरच, कारण बाजूला सरकायला जागा नाही. भूमी विकास नियमांप्रमाणे प्लॉटच्या आकारानुसार पुढं-मागं ठरावीक जागा मोकळी सोडावी लागते. इथं तिला सगळे ‘एमओएस’ म्हणतात आणि नगर निगमात नकाशा लावताना पहिली नजर तिच्यावरच जाते. इंजिनिअरनं आधी पायाशेजारी खड्डा खणायला लावला. भोपाळच्या टेकड्या वालुकाश्माच्या, पण सखल भागात काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी थोडा थोडा हलतो. आमचा पाया माती ओलांडून मुरमावर बसलेला निघाला. वर मजला चढवायला इंजिनिअरनं होकार दिला, पण नव्या भिंती जुन्या भिंतींच्या बरोबर डोक्यावरच येतील या अटीवर.

खोल्यांचे आकार असे खालूनच ठरून आले. माझ्या हातात उरलं स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा. मी चौकडीच्या वहीत ट्रॉल्यांची चित्रं काढली होती. काम बघायला आलेल्या मिस्त्रींनी, ज्यांना लहानथोर सगळे चाचा म्हणतात, वहीकडं पाहिलंही नाही. ते मागच्या बाजूला गेले, चेंबरचं झाकण उचललं आणि प्लंबरला म्हणाले, “को खां, पानी जाएगा किधर?”

घर वाढवताना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच, असं माझं आता ठाम मत आहे. रंग पुढच्या दिवाळीला बदलता येतो, कपाट सरकवता येतं, दिवा कुठंही लावता येतो. पाणी मात्र एकदा भिंतीत आणि फरशीखाली गेलं, की त्याची वाट बदलायला घर फोडावं लागतं. स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा या दोन्ही मुळात पाण्याच्या खोल्या आहेत. त्यांचा आराखडा ट्रॉलीपासून सुरू केला तर तो उलट्या टोकानं सुरू होतो.

पहिला वाद आग्नेयेचा निघाला. खालचं स्वयंपाकघर वायव्येला, सांडपाण्याची लाइनही तिथंच. सासूबाईंची, म्हणजे आईंची इच्छा होती की वास्तुशास्त्राप्रमाणे निदान वरची चूल तरी आग्नेयेला यावी. चाचांनी वाद घातला नाही. त्यांनी खालच्या बैठकीत भिंतीवर दोरी ताणली. सांडपाण्याच्या पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार हवा. आग्नेयेपासून चेंबरपर्यंत अठ्ठावीस फूट, म्हणजे सात इंच उतार. त्यात पाइपाची स्वतःची जाडी. बैठकीच्या छताखाली एका टोकाला जवळजवळ फूटभर लोंबणारा पाइप त्या दोरीनं डोळ्यांसमोर उभा केला. आई दोरीकडं पाहून म्हणाल्या, “पाहुण्यांच्या डोक्यावरून खरकटं पाणी नको गं बाई. चूल तेवढी त्याच खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात ठेवू.” तसंच केलं. खोली वायव्येला, शेगडी तिच्या आग्नेय कोपऱ्यात, पोळ्या करताना तोंड पूर्वेला. खालच्या सिंकच्या बरोबर वर वरचं सिंक आलं आणि दोन्हींचं पाणी एकाच उभ्या पाइपात गेलं.

जुन्या घराचा स्लॅब मोकळा झाला, तेव्हा चाचांनी त्यावर चुन्यानं स्वयंपाकघराच्या रेषा ओढल्या, खऱ्या मापाच्या. कागदावर ऐसपैस वाटलेली खोली तिथं भलतीच आखूड निघाली. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचं आणि किमान १.८ मीटर रुंद असावं असं आहे. आमचं त्याहून थोडंच मोठं होतं. पण त्या रेषांमध्ये उभं राहून फ्रिजचं दार उघडल्याचं नाटक केलं, खाली वाकून ओव्हनमधून काहीतरी काढल्यासारखं केलं, तेव्हा कळलं की दोन्ही बाजूंना ओटा घेतला तर मधून दुसरं माणूस जाणार नाही. ‘एल’ आकार तिथंच ठरला.

खऱ्या मापाची रेघ ओढून काम करायची रीत या मुलखात जुनी आहे. भोपाळहून तासाभराच्या आत भोजपूरचं शिवमंदिर लागतं. अकराव्या शतकात राजा भोजानं उभारायला घेतलेलं हे मंदिर अपुरंच राहिलं. भोवतालच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले आराखडे अजून दिसतात. खांब, शिखर यांच्या रेषा त्यांत आहेत. दगड वर चढवायला केलेला मातीचा उतारही मंदिराच्या मागं शिल्लक आहे. वास्तुविद्येवरचा ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ याच भोजाच्या नावावर आहे. एवढं शास्त्र लिहिलेलं असतानाही कारागिराला खडकावर रेघ मारून बघावीच लागली, ही गोष्ट मला त्या चुन्याच्या चौकटीत उभी असताना फार पटली.

ओट्याची उंची तर विटांनीच ठरवली. नियम सांगतो की कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पण कोपर कुणाचा? आई पाच फुटांच्या आत, माझी जाऊ पाच फूट पाच इंच. चाचांनी कोरड्या विटा रचल्या. वीट तीन इंचांची, म्हणजे दहा थर तीस इंच, अकरा थर तेहतीस. वर फळी टाकली, आईंनी पोळपाट मागवलं आणि आम्ही तिघींनी आळीपाळीनं कणकेचा गोळा लाटून पाहिला. लाटताना खांद्यांतून जोर खाली लागतो, त्याला ओटा जरा बुटकाच बरा. भाजी चिरायला तोच ओटा पाठीला वाकवतो. आणि शेगडी ओट्यावर चार-पाच इंच चढून बसते, तिच्यावर कुकर, म्हणजे झाकण बघायला आईंना टाचा उंचवाव्या लागतात. शेवटी ओटा बत्तीस इंच आणि शेगडीपुरता भाग चार इंच खाली ठरला. ग्रॅनाइटवाला म्हणाला, एक जोड जास्त येईल. येऊ दे म्हटलं.

आधुनिक स्वयंपाकघराच्या इतिहासात फ्रँकफुर्टचं नाव हटकून येतं. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी तिथल्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं मोजून, हात पोचेल तिथं वस्तू ठेवून. आजची मॉड्युलर किचन त्याचीच नातवंडं. पण ते एकट्या बाईसाठी आखलेलं होतं. आमच्याकडं गौरी-गणपतीत पुरण शिजवणारी एक, लाटणारी दुसरी आणि खाली बसून नारळ खवणणारी तिसरी असते. म्हणून एका भिंतीला ओट्याखाली ट्रॉली न करता जागा मोकळी सोडली. विळी घेऊन खाली बसता येतं, एरवी तिथं गव्हाचा डबा राहतो. ट्रॉली विकायला आलेल्या मुलाला ती जागा वाया गेलेली वाटली.

धुण्याच्या जागेनं मात्र सगळ्यांना गणित करायला लावलं. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब लिहिलेला असतो, आमच्या मशीनला ०.३ बार. टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. दहा मीटरला साधारण एक बार. म्हणजे मशीनच्या नळापासून टाकीचा तळ तीन मीटर वर हवा. आमची टाकी बैठ्या घराच्या छतावर होती. मजला चढल्यावर ती वरच्या स्लॅबवर नुसती उचलून ठेवली असती, तर मशीनच्या नळापर्यंत साडेसात फूट उरले असते, सव्वादोन मीटर. खालच्या मजल्यावर धबधबा आणि वर मशीन पाण्याची वाट पाहत थांबलेलं, असं चित्र पुष्कळ वाढीव घरांत दिसतं आणि लोक मशीनला दोष देतात. आम्ही टाकी जिन्याच्या खोलीच्या छतावर नेली. आणखी आठ फूट मिळाले, दाब दुप्पट झाला. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, म्हणून ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता दोन भिंतींवर टेकलेल्या तुळयांवर बसवली. टाकीतून उतरणारा पाइप इंचाचा घेतला आणि वळणं कमी केली.

पाणी येण्याइतकंच जाणं अवघड. मशीन पाणी पंपानं बाहेर फेकतं. ते नहाणी ट्रॅपच्या जाळीवर सोडलं तर फेस उलटून फरशीभर पसरतो. त्यासाठी भिंतीत दोन इंचांचा वेगळा उभा पाइप घेतला, खाली स्वतःचा ट्रॅप, तोंड जमिनीपासून अडीच फुटांवर. मशीनची रुंदी साठ सेंटिमीटर, तरी मागं पाइपांसाठी जागा सोडून खाचा मोठा ठेवला. सोळा अँपिअरचा सॉकेट नळाच्या वर, बाजूला सरकवून. धुण्याच्या जागेची फरशी खोलीपेक्षा दीड इंच खाली, शेजारी हातधुण्याचा कोटा दगड. महाराष्ट्रात असतो तर कडप्पा घातला असता, इथं राजस्थानचा कोटा जवळ आणि स्वस्त पडतो. फरशी बसवण्याआधी ती जागा बांध घालून दोन दिवस पाण्यानं भरून ठेवली आणि खालच्या छताला हात लावून पाहिला.

वाळत घालायची जागा मी मशीनजवळच धरून चालले होते. माझ्या मुलानं विचारलं, कशाला? पिळून निघालेल्या कपड्यांना ड्रेनेज लागत नाही, ऊन लागतं. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेनं जातं, सांचीच्या वाटेवर त्याची खूणही आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला त्रेचाळीस अंशांपर्यंत उतरतो. उत्तरेच्या भिंतीमागं हिवाळ्यात ऊन पोचतच नाही. म्हणून मशीन वायव्येला पाइपांपाशी आणि दोऱ्या दक्षिणेच्या गच्चीवर, अशी फारकत केली. पावसाळ्यासाठी जिन्याच्या खोलीला समोरासमोर जाळ्या ठेवून तिथं कप्पीच्या दांड्या टांगल्या. वारा आरपार जातो, झड आत येत नाही.

या सगळ्यात आम्ही खाली राहतच होतो. उभा पाइप जुन्या स्वयंपाकघरातून जाणार म्हणून तिथली भिंत फोडली आणि चूल पुढच्या व्हरांड्यात आली. धूळ रोखायला दारांवर ओल्या चादरी टांगल्या, देव कपाटात गेले. खरी चढाओढ पाण्याची होती. नर्मदेची रेती पावसाळ्यात उपसायला बंदी, भाव चढायच्या आत ती आणून टाकायची आणि पाऊस लागायच्या आधी स्लॅब घालायचा, म्हणजे स्लॅब भर मेमध्ये. हवा कोरडी आणि तापलेली असली, की मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला दोन आठवडे ओलं ठेवावं लागतं. चाचांनी स्लॅबवर मातीचे वाफे बांधून त्यांत पाणी साठवलं. नळाला पाणी ठरल्या वेळीच येतं. त्यात तराई, म्हणजे स्लॅब ओला ठेवणं, आधी की कपडे, यावर रोज सकाळी वरच्या रेजा, म्हणजे मजूर बायका, आणि खालच्या आम्ही यांच्यात बोलणी व्हायची. बहुतेक वेळा स्लॅब जिंकला. तो एकदा तडकला तर पुन्हा धुता येत नाही, असं रेजांमधली सगळ्यांत वयस्क बाई म्हणायची आणि तिचं बरोबर होतं.

गिलावा चढायच्या आदल्या दिवशी मुलानं प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले. कोपऱ्यापासून किती अंतरावर थंड पाण्याचा पाइप, किती उंचीवर वायर, ट्रॅप नेमका कुठल्या फरशीखाली. ते छापून नगर निगमाच्या मंजूर नकाशाच्याच फाइलमध्ये लावले. मंजूर नकाशात भिंती आहेत, या फोटोंत पाणी आहे. उद्या कुणी सिंकच्या वर फडताळ ठोकायला ड्रिल आणलं, तर आधी ही फाइल काढायची, असा घरात नियम झाला आहे. घर वाढवणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते: ट्रॉलीचा रंग सुनेला निवडू दे, टाइल मुलाला. चेंबरचं झाकण मात्र स्वतः उचलून बघा.