चातुर्मासाचा नेम आणि पाण्याचे माप

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा चार महिन्यांचा काळ आपल्याकडे नेमधर्माचा मानला जातो. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी दर एकादशीस उपवास धरतो. अलीकडे या नेमांना आणखी एक हेतू येऊन चिकटला आहे. देवाच्या निमित्ताने चार शेर वजनही उतरावे, असे अनेकांना मनातून वाटत असते. त्यात वावगे काही नाही. देह हे धर्माचे साधनच आहे. मात्र हे साधण्यासाठी पाण्याविषयी दोन अगदी परस्परविरुद्ध समजुती घरोघरी नांदताना दिसतात. एक पक्ष म्हणतो, पाणीही वर्ज्य केल्याने वजन झपाट्याने घटते. दुसरा म्हणतो, दिवसाकाठी चार-पाच लिटर पाणी रिचवावे, म्हणजे मेद धुऊन निघतो. या दोहोंचा थोडा विचार करावयास हवा.

पहिल्या पक्षाचे आराध्य म्हणजे भीमसेन. ज्येष्ठ शुद्ध एकादशीला निर्जला अथवा भीमसेनी एकादशी म्हणतात, त्यामागची कथा सर्वश्रुत आहे. वृकोदर भीमाला भूक आवरेना, तेव्हा व्यासांनी त्याला वर्षातून एकच, परंतु पाण्यावाचून करावयाची एकादशी सांगितली. या कथेत पुण्याचा हिशेब आहे, वजनाचा नाही. आता देहाचा हिशेब पाहू. पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढला, तरी श्वासावाटे, घामावाटे आणि लघवीवाटे पाणी जातच राहते, आणि दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलोने खाली आलेला दिसतो. शिवाय यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर अशा दिवशी खर्ची पडते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही सुटून जाते. याउलट एक किलो मेदात सुमारे 7,700 उष्मांक साठलेले असतात. माणसाचा दिवसाचा खर्च सर्वसाधारणपणे 2,000 उष्मांक धरला, तर संपूर्ण निराहारानेही एका दिवसात पाव किलोहून अधिक मेद जाणे शक्य नाही. बाकीचे सारे पाणी. द्वादशीला पारणे फिटताच ते परत येते. निर्जला व्रत श्रद्धेने आणि प्रकृतीला झेपेल तर अवश्य करावे. वजनासाठी करू नये. गर्भवती स्त्रिया, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि वृद्ध यांनी तर ते टाळलेलेच बरे. वृद्धांची तहान मंदावलेली असते, त्यामुळे शरीर कोरडे पडत असल्याचे त्यांना कळतही नाही.

दुसऱ्या पक्षाचे चार-पाच लिटर कोठून आले? ‘रोज आठ पेले पाणी’ या पाश्चात्य सूत्राचा माग पुष्कळांनी काढला आहे. 1945 साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने माणसास दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले आणि त्यातील बराचसा भाग शिजविलेल्या अन्नातूनच मिळतो, असेही लगोलग नमूद केले. लोकांनी आकडा उचलला आणि पुढचे वाक्य सोडून दिले. 2002 साली हाइन्झ व्हॅल्टिन या शरीरशास्त्रज्ञांनी सर्व पुरावा चाळून पाहिला. निरोगी माणसाने रोज आठ पेले पाणी प्यालेच पाहिजे यास त्यांना शास्त्रीय आधार आढळला नाही. 2010 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने स्त्रियांना 2 लिटर व पुरुषांना अडीच लिटर असे माप सांगितले, तेही अन्न आणि सर्व पेये मिळून, आणि तिकडच्या थंड हवेत. आपल्या ताटातील शिजलेल्या भातात वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश पाणी असते. वरण, आमटी, ताक यांचे तर विचारूच नये. चहासुद्धा पाण्यातच जमा धरावा. तेव्हा आपल्या हवेत घरात बसून काम करणाऱ्याने दीड ते दोन लिटर आणि उन्हात राबणाऱ्याने किंवा पायी वारी करणाऱ्याने त्याहून बरेच अधिक पाणी प्यावे, असे ढोबळ माप धरता येईल. लघवीचा रंग फिका पिवळा असला की माप बरोबर आहे असे समजावे.

याहून अधिक पाणी पिऊन मेद धुऊन निघत नाही. थोड्या वेळात भरमसाट पाणी प्याल्यास रक्तातील क्षार मात्र पातळ होतात, आणि त्याने जीव गेल्याचीही उदाहरणे आहेत.

मग पाण्याचा वजनाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो आपल्या वाग्भटाने फार पूर्वी सांगून ठेवला आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तो म्हणतो की, भोजनाच्या आरंभी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो. किती प्यावे यापेक्षा केव्हा प्यावे याला त्याने महत्त्व दिले. त्याच अध्यायात शरद व ग्रीष्म हे ऋतू सोडून निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावे असे सांगून सूज, उदर इत्यादी विकार असलेल्यांना त्याने पाण्यापासून शक्यतो दूरच ठेवले आहे. चार-पाच लिटरवाल्यांना वाग्भटाचा आधार मिळणार नाही.

त्याच्या पहिल्या विधानाला अलीकडच्या प्रयोगांनी पुष्कळसा दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 55 ते 75 वयाच्या 48 स्थूल व्यक्तींना बारा आठवडे मिताहार दिला. त्यातील ज्यांनी प्रत्येक मुख्य जेवणापूर्वी अर्धा लिटर पाणी घेतले, त्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दोन किलोंनी अधिक उतरले. 2015 मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी 84 लठ्ठ व्यक्तींवर असाच प्रयोग केला. एका गटाने जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर पाणी प्यायचे, दुसऱ्याने पोट भरले आहे अशी नुसती कल्पना करायची! बारा आठवड्यांनी पाणी पिणाऱ्यांचे वजन सरासरी 1.3 किलोने अधिक घटले. लाभ मोठा नाही, पण फुकटचा आहे. पोट थोडे आधीच भरले की हात आवरतो, एवढाच त्यातला अर्थ. जेवणाच्या शेवटी पिणारा स्थूल होतो, हे मात्र या प्रयोगांनी तपासलेले नाही.

आपल्या जेवणाची सुरुवातही पाण्यानेच होते. पण आपोशनाच्या त्या पळीभर पाण्याने वजन उतरावयाचे नाही. घरातील फुलपात्रात किती पाणी मावते ते एकदा मापून ठेवावे. ते दोनशे मिलिलिटरचे असेल, तर दोन्ही वेळच्या जेवणाआधी अर्धा तास अडीच फुलपात्रे, एवढाच चातुर्मासाचा नेम करून पाहावा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारासाठी ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र वैद्याचेच माप पाळावे.

आता एकादशीविषयी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात. त्यावर दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. त्या दिवशी भात-आमटी नसल्याने अन्नातून मिळणारे पाणीही घटते, तहान लागते, आणि ती आपण चहाने भागवतो. दोन-दोन चमचे साखरेचे आठ कप चहा म्हणजे सुमारे तीनशे उष्मांक नुसत्या साखरेचे. एका सरबतात चार चमचे साखर पडली की आणखी ऐंशी. यांच्या जागी माठातले पाणी, पातळ ताक किंवा साखरेविना कोकमाचे पाणी घेतले, तर उपवास पाळलाही जाईल आणि काही उतरेलही. खिचडीच्या आधीही अडीच फुलपात्रांचा नेम मोडू नये.

आणि वजन करावयाचेच असेल तर द्वादशीच्या सकाळी काट्यावर उभे राहू नये. आठवड्यातला एकच वार ठरवावा, उपवासाचा अथवा त्यानंतरचा नसलेला, आणि सकाळी अनशापोटी वजन करावे.