हत्तीचे पोट : मोठे घर, पोकळ वासा

वाराणसीच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगर आहे. तिथली रामलीला महिनाभर चालते आणि काशीनरेशांनी ती हत्तीवर बसून पाहायची, ही जुनी रीत. हत्ती दिसला की भाविकांचे हात आपोआप पुढे होतात. कुणी केळे देतो, कुणी लाडू. सोंड येते, घास नाहीसा होतो आणि गणपतीबाप्पालाच नैवेद्य पोचला असे समाधान वाटते. एवढ्या थोरल्या पोटाला एका लाडवाचे ते काय?

पण हे पोट दिसते तसे नाही. काशीच्या गल्लीत वाट अडवून रवंथ करणारी गाय आठवा. तिच्या पोटाला चार कप्पे. खाल्लेला चारा कोठीपोटात आंबतो, पुन्हा तोंडात येतो, बारीक चघळला जातो. हत्तीला ही सोय नाही. त्याचे जठर एकच, लांबट पिशवीसारखे, आणि ते मुख्यतः साठवणीचे कोठार. जे चावायचे ते पहिल्याच घासाला.

खरे काम चालते पुढे, मोठ्या आतड्यात आणि त्याच्या तोंडाशी असलेल्या अंधांत्र नावाच्या पिशवीत. तिथे असंख्य सूक्ष्म जंतू गवत, साल, फांद्या यांतला चोथा आंबवतात आणि त्यातून हत्तीला शक्ती मिळते. हे जंतू जन्मतः नसतात. पिल्लू आईची लीद खाते, ते त्यासाठीच! किळस वाटेल, पण त्याचे ते विरजणच म्हणायचे.

एवढा खटाटोप करूनही निम्म्याहून अधिक चारा न पचताच बाहेर पडतो. म्हणून तर लीद धाग्यांनी भरलेली असते आणि त्यातून कागदही बनवता येतो. पचन कमी, तर खाणे जास्त, हा साधा हिशेब. मोठा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो चारा खातो आणि रानात त्यासाठी सोळा-अठरा तास चरतो. रानाचा यात फायदाच होतो, कारण न पचलेल्या बिया दूरवर, खतासकट पेरल्या जातात.

आता लाडवाकडे वळू. चोथ्याला सरावलेल्या आतड्यात साखर आणि पीठ एकदम जास्त गेले, की आंबण्याची क्रिया बिघडते, वायू धरतो, पोटशूळ उठतो. एकाचा लाडू एकच असतो. गर्दीचे मिळून किती होतात, हे हत्तीला कुठे मोजता येते? जाणता माहूत सकाळी आधी लीद पाहतो, ती उगीच नव्हे. काही द्यायचेच असेल तर त्याला विचारून हिरवा चारा किंवा वडा-पिंपळाची डहाळी द्यावी.

दाढांचे मात्र कुणाच्या हातात नसते. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. एक झिजला की मागचा पुढे सरकतो. साठीच्या सुमारास शेवटचा संच झिजला, की समोर चारा असूनही रानातला हत्ती उपाशी मरतो. पाळलेल्या म्हाताऱ्या हत्तीला चारा बारीक कापून, धान्य शिजवून मऊ करून भरवावे लागते.