गुडघा दुखतोय आणि वजनही उतरवायचंय : घरी ट्रेडमिल घ्यावी की सायकल?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. मेहरूण तलावाकाठी सकाळी लवकर पोहोचलं नाही, तर फिरणं नकोसं होतं. वजन कमी करायला सांगितलेल्यांपैकी अनेकांचे चालण्याचे दिवस याच काळात तुटतात आणि मग घरी मशीन आणायचा विचार सुरू होतो. गुडघा आधीच कुरकुरत असेल, तर चुकीचं मशीन पैसेही घालवतं आणि दुखणंही वाढवतं.

गुडघ्यावर नेमका किती भार येतो, हे आता अंदाजाने सांगावं लागत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यातच मोजमापाची यंत्रणा ठेवली होती. सपाट जागेवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपटींहून थोडा जास्त भार नोंदला गेला. जिना चढताना तो तिप्पट झाला आणि उतरताना साडेतीनपट. जागेवरची सायकल हलक्या जोराने चालवताना मात्र तो साधारण सव्वापटच होता, कारण अंगाचं बरंचसं वजन सीट पेलते.

म्हणून बहुतेक दुखऱ्या गुडघ्यांसाठी पहिली पसंती सायकलला. पाठीला टेकू असलेली, पाय पुढे करून चालवायची रिकम्बंट सायकल जागा जास्त खाते. पण वजन बरंच असेल, कंबरही दुखत असेल किंवा उंच सीटवर पाय टाकून बसणं जमत नसेल, तर तीच बरी. साधी उभी सायकलही चालते, फक्त सीटची उंची नीट हवी. सीट खाली राहिली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. ‘सायकलने गुडघा आणखी दुखायला लागला’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावं. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. मॅग्नेटिक प्रकारच्या सायकलीत जोर कमी-जास्त करणं सोपं असतं आणि आवाजही कमी. हातांच्या दांड्या पुढे-मागे होणाऱ्या एअर बाइकमध्ये जितकं जोरात पॅडल माराल तितका विरोध वाढतो, त्यामुळे उत्साहाच्या भरात गुडघ्यावर ताण येऊ शकतो.

क्रॉस ट्रेनरवर पाय उचलून आपटत नाही, तरी उभं राहूनच व्यायाम होत असल्याने भार वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो. दुखणं सौम्य असेल तर हरकत नाही. मात्र घरगुती छोट्या मॉडेलमध्ये पावलाची लांबी कमी असते आणि हालचाल जिना चढल्यासारखी होते, म्हणून दुकानात दहा मिनिटं चालवून पाहावं. ट्रेडमिलवर सपाट, सावकाश चालणं म्हणजे रस्त्यावरचं चालणंच. ज्याला रस्त्यावर चालताना दुखत नाही त्याने ती घ्यायला अडचण नाही. पट्टा पायाने ढकलायची, मोटर नसलेली ट्रेडमिल मात्र टाळावी. ती चढावर बसवलेली असते आणि प्रत्येक पावलाला जोर लावावा लागतो. स्टेपर घरात जिना आणण्यासारखा आहे, तो नकोच. थरथरणाऱ्या पट्ट्याने चरबी विरघळते, या जाहिरातीवरही पैसे घालवू नयेत.

आता वजनाचं. सत्तर किलोच्या माणसाने मध्यम जोराने अर्धा तास सायकल मारली, तर साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात. दोन मोठे चमचे तेलात जवळपास तेवढ्याच असतात. शेवभाजीवरचा तवंग किंवा बट्टीवरचं तूप आठवलं की हा हिशोब लगेच कळतो. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या ४५४ जणांना दीड वर्ष पाहिलं गेलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी १.८ किलो उतरलं. नुसता आहार सांभाळणाऱ्यांचं ८.९ किलो आणि दोन्ही करणाऱ्यांचं १०.६ किलो. दुखणंही दोन्ही करणाऱ्यांचं जास्त कमी झालं. खानदेशी ताटात यासाठी फार परकं काही आणावं लागत नाही. कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत तसंच राहू द्यावं, भरताच्या फोडणीतलं तेल निम्मं करावं.

थोडं वजन उतरलं तरी उपयोग होतो. त्याच विद्यापीठातील आधीच्या, २००५ सालच्या अभ्यासानुसार एक किलो वजन घटलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

सायकलच्या जोडीला मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत. त्यासाठी खुर्ची पुरते. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच सेकंद धरावा, सावकाश खाली आणावा. वजन बांधायची घाई नको. सुरुवातीला सायकलही दहा मिनिटंच, कमीत कमी जोरावर. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालेल; टिकून राहिलं तर वेळ किंवा जोर कमी करावा. गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर मशीन घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावं.

खरेदी करताना मशीन किती किलोच्या माणसाचं वजन पेलतं, हे आधी विचारावं आणि आपल्या वजनापेक्षा वीसेक किलो जास्त क्षमतेचं घ्यावं. दुरुस्तीचा माणूस गावातच आहे की नाशिकहून येणार, येण्याचे पैसे वेगळे लागणार का, हेही बिल करण्याआधी ठरवून घ्यावं. जुनी सायकल विकणारे गावात बरेच सापडतात, कारण ती दोन-तीन महिन्यांत कपडे वाळत घालायला लागते. जुनी घेताना पॅडल झटके न देता फिरतात का आणि सीटचा खिळा घट्ट बसतो का, तेवढं पाहिलं तरी पुरे. ठेवायची जागा मात्र पत्र्याच्या गच्चीवरची खोली नसावी. एप्रिलनंतर तिथे दुपारीच काय, संध्याकाळीही बसवत नाही.