युरोपचे प्रबोधन आणि आपला मिलिंद

नांदेड-लातूरकडे इतिहास घेऊन शिकणाऱ्या मुलामुलींना ‘युरोपातील प्रबोधनाची कारणे’ पाठ असतात. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक विद्वान पोथ्या घेऊन इटलीत आले, छापखाना निघाला आणि प्रबोधन झाले! यातले पहिले कारण जरा ताणलेलेच आहे. जुन्या लॅटिन पोथ्या धुंडाळण्याचे वेड लावणारा पेट्रार्क १३७४ मध्येच वारला होता.

मुळात फ्लॉरेन्स, व्हेनिससारख्या व्यापारी शहरांत पैसा आला, शिकलेला वर्ग वाढला आणि धर्मपीठ सांगेल तेवढेच ज्ञान ही सवय सुटू लागली. परलोकाइतकाच हा जन्म आणि हा माणूस विचाराचा विषय झाला. दान्तेने तर त्याआधीच विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या इटालियन बोलीत महाकाव्य रचले होते. लिओनार्दोने प्रेते चिरून स्नायूंचा अभ्यास केला, म्हणून त्याची माणसे हाडामांसाची वाटतात. पण चित्रकारांचे पोशिंदे होते मेदिचींसारखे पेढीवाले. शेतात राबणारा माणूस या उजेडापासून दूरच राहिला.

आपल्याकडे उलटे घडले. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. पुढे त्याचे नाव झाले मिलिंद, आणि परिसर नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. युरोप प्रबोधनासाठी ग्रीकांकडे वळला, तसे बाबासाहेबही एका ग्रीकाकडे वळले म्हणायचे! फरक इतकाच, की हा ग्रीक भन्ते नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटले की ते मान्य करणारा होता. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांच्या महाविद्यालयाला याहून नेमके नाव सापडले नसते.

त्या परिसरातून साहित्य उभे राहिले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने खेड्यापाड्यांतून आलेल्या नव्या हातांना लिहिते केले. उदगीर भागातले प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले. भूक, दुसऱ्याच्या दारातले जगणे आणि शाळेची ओढ त्यांनी आपल्या भागातल्या बोलीत मांडली. दया मागितली नाही, आव आणला नाही. माणूस केंद्रस्थानी ठेवणे म्हणतात ते हेच.

याची किंमतही मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. विद्यापीठाला नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे!

विहारे आता देखणी होत आहेत. उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. दाभडच्या बावरीनगरला धम्म परिषदेसाठी दरवर्षी गर्दी लोटते. वास्तू हव्यातच. पण वंदना झाल्यावर तिथे प्रश्न विचारायला वेळ असतो का? उदगीरच्या विहारात वाचनासाठी एक कपाट ठेवायचे झाले, तर त्यात पहिली दोन पुस्तके ‘मिलिंदपञ्हो’ आणि ‘आठवणींचे पक्षी’ असावीत. दुसऱ्या पुस्तकातली गावे तिथून जवळच आहेत.