पाच लिटरच्या टाकीत मुंबई-पुणे

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावर असतं तेच. मध्यम आकाराच्या विजेच्या गाडीची बॅटरी आज ४० ते ४५ युनिटची असते. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने ही गाडी जेमतेम पाच लिटरची टाकी घेऊन घराबाहेर पडते. तेवढ्यावर ती चार माणसं, त्यांचं सामान आणि चालू एसी घेऊन मुंबईहून पुण्याला पोचते, वर थोडं शिल्लकही ठेवते. 'रेंज किती देते?' हा प्रश्न विचारताना आधी या गोष्टीचं कौतुक करायला हवं, कारण रेंज कशी वाढते याचं उत्तरही तिच्यातच आहे.

पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर बॅटरीतली ८५-९० टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचवते. पेट्रोलच्या गाडीत मुळातच इतकी उधळपट्टी असते, की चालवणाऱ्याने वर थोडी भर घातली तरी ती फारशी जाणवत नाही. विजेच्या गाडीत लपायला जागाच नसते. वेग वाढवला, टायरमध्ये हवा कमी राहिली, समोरून वारा आला, की ते लगेच आकड्यात दिसतं. शिवाय वर्षानुवर्षांची एक समजूत इथे उलटी होते. पेट्रोलची गाडी शहरात कमी आणि हायवेवर जास्त ॲव्हरेज देते. विजेची गाडी शहरात जास्त चालते आणि हायवेवर कमी. नव्या मालकांची पहिली निराशा बहुतेक वेळा इथेच होते.

जाहिरातीतला आकडाही समजून घ्यायला हवा. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवरची १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय. टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर तर त्या भागाला 'एआरएआय टेकडी' असंच म्हणतात. भारतीय चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, ती रोलरवर धावते. ठरलेल्या क्रमाने वेग वाढतो, कमी होतो, गाडी मध्ये थांबते. सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर आणि पूर्ण चक्राची सरासरी ताशी ३२ च्या आसपास. एसी बंद. यात फसवणूक नाही. दोन गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून ही पद्धत आहे. पण तो आकडा म्हणजे आपल्या सुट्टीच्या प्रवासाचं आश्वासन नव्हे. काही कंपन्या आता रोजच्या वापरातल्या रेंजचा वेगळा आकडा देऊ लागल्या आहेत. गाडी घेताना तोच विचारावा.

आता वेगाबद्दल, कारण हायवेवर बाकी सगळ्या युक्त्या त्याच्यापुढे किरकोळ आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चा वेग १०० वर नेला, तर वेग पाव पटीने वाढतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून थोडा जास्तच होतो. एखाद्या मध्यम एसयूव्हीचा सपाट रस्त्यावरचा हिशेब मांडून पाहू. हवेचा आणि टायरचा विरोध, मोटरमधली घट आणि चालू एसी असं सगळं धरलं तर ताशी ८० ला शंभर किलोमीटरसाठी साधारण साडेचौदा युनिट लागतात, १०० ला साडेअठरा, तर १२० ला साडेतेवीसच्या वर. बॅटरीतले वापरता येणारे युनिट ४० धरले, तर पहिल्या वेगाने पावणेतीनशे किलोमीटर जाता येतं, दुसऱ्याने दोनशे पंधराच्या आसपास, तिसऱ्याने एकशे सत्तर. गाडी तीच, बॅटरी तीच, रस्ता तोच. फरक फक्त उजव्या पायाचा. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे सुमारे ९५ किलोमीटरचा आहे. घाट बाजूला ठेवला, तर एवढं अंतर १०० ऐवजी ८० ने कापायला चौदा-पंधरा मिनिटं जास्त लागतात.

विजेच्या गाड्यांना हवेचं महत्त्व पहिल्यापासून ठाऊक होतं. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनाट्झी या बेल्जियन माणसाने रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, तो विजेच्याच गाडीत. हवा कापत जावी म्हणून तिला टॉर्पेडोसारखा आकार दिला होता. सव्वाशे वर्षांनंतरही गणित तेच आहे. मर्सिडीजची व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी २०२२ मध्ये जर्मनीहून आल्प्स ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत एका चार्जवर हजार किलोमीटरहून जास्त धावली. तिची बॅटरी शंभर युनिटच्या आतलीच होती. ही मजल मुख्यतः हवेला कमीत कमी अडवणाऱ्या आकाराने आणि काटकसरीच्या यंत्रणेने गाठली. म्हणूनच टपावर कॅरिअर लावून गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की सामान शक्यतो आत बसवा, आणि परत आल्यावर कॅरिअर काढून ठेवा.

एसीचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तिथे उगाचच कष्ट काढणारे लोक पाहून वाईट वाटतं. हवेचा विरोध किलोमीटरमागे खर्च मागतो, तर एसी तासामागे. गाडी एकदा थंड झाल्यावर एसीला तासाला एक-सव्वा युनिट लागतं. हायवेवर ८० ने जाताना एका तासात एकूण बारा युनिट खर्च होत असतील, तर त्यातला एसीचा वाटा दहा टक्के. तेवढ्यासाठी एप्रिलच्या उन्हात आजीला आणि लहान मुलांना घामाघूम करून नेऊ नये. काचा उघडल्या तर हवेचा विरोध वाढतो आणि वाचवलेल्यातलं काही परत जातं. वेग १०० वरून ८० वर आणा, एसीच्या खर्चाच्या तिप्पट वाचेल. संध्याकाळी हिंजवडीच्या कोंडीत मात्र चित्र उलटं. तासाभरात पंधरा किलोमीटर सरकलेल्या गाडीत एसी जवळजवळ मोटरइतकीच वीज खातो. शहरात उपयोगी पडते ती सावलीतली जागा आणि निघण्यापूर्वी, चार्जर लावलेला असतानाच, गाडी थंड करून घेण्याची सवय. तापलेली गाडी गार करताना सुरुवातीला लागणारी जास्तीची वीज मग बॅटरीऐवजी घरच्या मीटरवर पडते.

घाटाइतकी चालकाच्या धीराची परीक्षा दुसरं काही घेत नाही. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत रस्ता साधारण साडेपाचशे मीटर चढतो. माणसांसकट अठराशे किलोची गाडी तेवढी उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने २.७ युनिट लागतात, मोटरमधली घट धरून तीन. त्यात पंधराएक किलोमीटर चालण्याचा नेहमीचा खर्च मिळवला, की पावणेपाच युनिट होतात. म्हणजे एवढ्याशा अंतरात जवळजवळ बारा टक्के बॅटरी संपते आणि पडद्यावरचा 'शिल्लक किलोमीटर'चा आकडा धाडधाड खाली येतो. तो आकडा मोजलेला नसतो. आत्तापर्यंत गाडीने जसा खर्च केला, तसाच पुढेही होईल असं धरून काढलेला तो अंदाज असतो. माथा ओलांडला की तोच आकडा हळूहळू सावरतो. प्रवासात लक्ष ठेवायचं ते बॅटरीच्या टक्क्यांवर आणि शंभर किलोमीटरमागे जाणाऱ्या युनिटवर.

उतरताना मोटरच जनित्र बनते. तेच २.७ युनिट परत मिळू पाहतात, पण त्यातले दीडेक गाडीला खाली नेण्यातच खर्ची पडतात आणि बॅटरीत एखादं युनिट जमा होतं. पंधरा किलोमीटर फुकट, वर एक युनिट. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही मिळकत हातची जाते, कारण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी १०० टक्क्यांनी पसरणी घाट उतरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवलं, तर वाईपर्यंत ब्रेकही कमी झिजतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मात्र अधूनमधून पूर्ण भरायला कंपन्या सांगतात, कारण तिचा विद्युतदाब जवळपास स्थिर राहतो आणि टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. ते काम घरी करावं, घाटमाथ्यावर नाही.

सपाट रस्त्यावर मात्र ब्रेकमधून वीज परत मिळवण्याचा फार हव्यास नको. चाकातून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकात जाताना तिसरा हिस्सा तरी गळतो. पुढचा सिग्नल, पुढचा ट्रक लांबून ओळखून आधीच पाय उचलणं आणि गाडीला आपल्या वेगाने वाहू देणं, यात त्याहून जास्त वाचतं.

पावसाळ्यात वाऱ्याचं विसरू नये. ज्या पश्चिमेच्या वाऱ्यावर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरतात, तोच वारा मुंबईकडे जाताना तोंडावर येतो. समोरून ताशी २० चा वारा असला, तर ८० ने जाणाऱ्या गाडीला हवेचा विरोध १०० च्या वेगाइतका होतो. ओल्या रस्त्यावर टायरना पाणी बाजूला सारावं लागतं, त्याचा खर्च निराळा. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी. यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आपल्याकडे विजेच्या वाहनांत संख्येने स्कूटरच जास्त. तीनेक युनिटच्या बॅटरीला हे सगळे नियम आणखी कडक लागू होतात. ताठ बसलेला माणूस हाच हवेला सगळ्यात मोठा अडथळा. मागे कुणी बसलं की चढावर फरक लगेच दिसतो. इको मोडमध्ये रेंज वाढते, कारण तो स्कूटरला फार पळू देत नाही.

एवढं सांगूनही, दर वेळी हळूच जा असं मी म्हणणार नाही. एक्सप्रेस वेच्या उजव्या लेनमध्ये साठच्या वेगाने रेंगाळणं धोक्याचं आहे. शिवाय वेळेचाही हिशेब आहे. पुण्याहून कोल्हापूरच्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर १०० ऐवजी ८० ने गेलात, तर अर्धा तास जास्त लागतो आणि आठ युनिट वाचतात. वाटेतला चार्जर ५० किलोवॉटचा असेल आणि चालू असेल, तर ते आठ युनिट दहा मिनिटांत भरले जातात. थांबावं लागणारच असेल, तर रेंज ताणण्यात वेळेचा फायदा नाही. ताणायची ती वाटेतला थांबा पूर्ण टळणार असेल तेव्हा, किंवा पुढच्या चार्जरपाशी रांग असेल, तो बंद असेल अशी शंका असेल तेव्हा. अशा वेळी वेग सुरुवातीपासूनच ८० ठेवावा. दहा टक्के उरल्यावर ठेवलेला ८० फार थोडे किलोमीटर वाढवतो.