मोजमापांची गोष्ट – भाग ७ : वॅटने मोजलेला घोडा

मागच्या भागात आपण ज्यूलपाशी थांबलो होतो. भरलेली कळशी विहिरीतून वर ओढायला किती ऊर्जा लागली, ते ज्यूल सांगतो. ती मिनिटात ओढली की रमतगमत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो हिशेब शक्तीचा. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट, व्याख्या एवढीच.

बाजारात मात्र पंप हॉर्सपॉवरवर विकला जातो, मोटरसायकल पीएसवर, एसी टनावर. यातली हॉर्सपॉवर जन्मली ती पैशांच्या व्यवहारातून. जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणीतलं पाणी उपसणारी इंजिनं देत, तेव्हा जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा मोबदला म्हणून घेत. पुढे चाक फिरवणारं इंजिन आलं आणि गिऱ्हाईक बदललं. गिरण्या आणि बिअरचे कारखाने घोड्यांवर चालत. तिथे वाचलेला कोळसा मोजणार कसा? मग वॅटने घोडाच मोजला. १२ फूट त्रिज्येचं रिंगण, तासाला १४४ फेरे, १८० पौंडांचा जोर. गुणाकार केला की मिनिटाला साधारण ३२,६०० फूट-पौंड येतात. त्याने धरले ३३,०००. दिवसभर राबणाऱ्या बहुतेक घोड्यांना एवढं झेपत नाही. पण दहा हॉर्सपॉवरचं इंजिन घेणाऱ्याने ‘माझे दहा घोडे बरे होते’ असं म्हणू नये, एवढी धंद्याची अक्कल त्या आकड्यात मला दिसते. आजच्या हिशेबात तो घोडा ७४६ वॅटचा. वॅटचं नाव एककाला द्यावं, हे विल्यम सीमेन्सने सुचवलं १८८२ मध्ये. वॅटला जाऊन तेव्हा ६३ वर्षं झाली होती.

युरोपातला मेट्रिक घोडा थोडा अशक्त. तो ७५ किलोचं वजन सेकंदाला एक मीटर उचलतो, म्हणजे ७३५.५ वॅट. जर्मन ‘पीएस’ तो हाच. १०० हॉर्सपॉवरचं इंजिन पीएसमध्ये १०१.४ भरतं. जाहिरात लिहिणाऱ्याला यातला कुठला आकडा आवडेल, हे सांगायला नको.

शेतातल्या ५ एचपीच्या मोटरीच्या पाटीवर ३.७ किलोवॅटही छापलेलं असतं. ही शक्ती मोटरीच्या दांड्यावर मिळते. तारेतून मोटर त्याहून जास्त ओढते. कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर सुमारे ४.४ किलोवॅट. उरलेली वीज मोटर तापवण्यात जाते.

एसीच्या टनाचं उलटं आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टन शीतकरण, सुमारे ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, पण वीज खातो साधारण दीड-पावणेदोन किलोवॅट. यात जादू नाही. तो उष्णता तयार करत नाही, आतली उचलून बाहेर टाकतो. म्हणून टनाचा आकडा किलोवॅटमध्ये बदलून त्यावर बिलाचा अंदाज बांधला, तर तो तिप्पट चुकतो. बिलासाठी पाटीवरचे वॅट पाहावेत आणि एसी किती तास चालला ते. किलोवॅटला तासांनी गुणलं की वीजबिलावरचं ‘युनिट’ तयार होतं. पुढच्या आठवड्यात त्याकडे वळू.